टिकाऊपणाची पारख कोणी करायची?

बाजारात तूर घेताना दाणा दाताखाली चावून पाहणारा, साडीचा पदर उजेडात धरून तिचा पोत तपासणारा आपला मध्यमवर्गीय ग्राहक पंचवीस हजार रुपयांचा फ्रीज मात्र अर्ध्या तासात घेऊन मोकळा होतो. या विसंगतीबद्दल त्याला हसणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. तुरीचा दाणा चावून कळतो, साडीचा पोत बोटांना कळतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर किती वर्षे चालेल, मिक्सरच्या मोटरीतील गुंडाळी तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, गिझरच्या टाकीला आतून गंज केव्हा धरेल, हे दुकानात उभे राहून कोणत्याही ग्राहकाला कळणे शक्य नाही. म्हणून जे दिसते त्यावरून तो निवड करतो. रंग, दाराची चकाकी, जाहिरातीतील परिचित चेहरा आणि दुकानदाराचा शब्द, एवढीच सामग्री त्याच्यापाशी असते. ज्या गुणासाठी वस्तू घ्यायची तो टिकाऊपणाचा गुणच खरेदीच्या क्षणी अदृश्य असतो, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

हा प्रश्न केवळ गृहिणींच्या सदरात चर्चिण्याजोगा, किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शिक्षकाच्या अथवा लिपिकाच्या घराचा जमाखर्च एकदा पाहावा. अशा घरात फ्रीज किंवा वॉशिंग मशीन वर्षभराच्या हप्त्यांनी येते. त्यासाठी मुलीची शिकवणी किंवा वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकललेली असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाच्या घरात तर वर्षाची सारी शिल्लक अशा एका वस्तूत अडकते. ती वस्तू तिसऱ्या वर्षी निकामी झाली, तर बुडतात ते केवळ पैसे नव्हेत. त्या पैशासाठी मारलेली मनाची प्रत्येक इच्छाही तिच्याबरोबर बुडते.

टंचाईचे रूप बदलले

भारतीय बनावटीचा पहिला रेफ्रिजरेटर गोदरेजने १९५८ मध्ये बाजारात आणला. त्यानंतरची तीसएक वर्षे घरगुती उपकरणांच्या बाबतीत आपल्याकडे वस्तूंचीच टंचाई होती. मोजकी नावे, त्यांचे मोजके नमुने आणि स्कूटरसारख्या वस्तूसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, असा तो काळ होता. त्या काळात निवडीचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. जे मिळे ते घ्यावे आणि जिवापाड सांभाळावे, अशी रीत होती. १९९१ नंतर चित्र पालटले. आज यवतमाळच्या कोणत्याही मोठ्या दुकानात एकाच आकाराचे डझनभर फ्रीज ओळीने उभे दिसतात. वस्तूंची टंचाई संपली आणि तिच्या जागी माहितीची टंचाई आली. पूर्वी हात रिकामे राहत. आता डोळे दिपतात, एवढाच काय तो फरक.

अर्थशास्त्रात या अवस्थेचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली मोटार आणि खटारा यांतला भेद घेणाऱ्याला कळत नसल्याने तो दोन्हींना मधलीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो; मागे खटारे तेवढे उरतात. या विचाराबद्दल अकरलॉफ यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले. घरगुती उपकरणांना हा सिद्धांत जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण मोठ्या उत्पादकाला नावाची चाड असते. पण त्यातले मर्म येथेही खरे आहे. टिकाऊपणा ओळखू येत नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजायला ग्राहक तयार होत नाही. आणि ग्राहक तयार होत नसेल, तर उत्पादकाने तांब्याची गुंडाळी आणि जाड पत्रा कशासाठी वापरावा? पत्र्याचे पैसे वाचवून दारावर काच बसवली तर ती ग्राहकाला निदान दिसते.

उत्पादकांनी संगनमताने आयुष्य कमी केल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले आणि अधिक टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदांना दंड लावला. पण असा कट प्रत्येक वेळी असावाच लागतो असे नाही. ग्राहकाचे अज्ञान पुरेसे असले, की कटावाचूनही तोच परिणाम साधतो.

तीन खुणा आणि त्यांच्या मर्यादा

ग्राहकाच्या मदतीला आज तीन खुणा आहेत: आयएसआय चिन्ह, ऊर्जाबचतीचे तारे आणि वॉरंटीचा कागद. तिन्ही उपयुक्त आहेत. पण तिन्हींचा अर्थ आपण बहुधा चुकीचा लावतो.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९८६ च्या कायद्याने तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले. इस्त्री, पाण्यात सोडण्याची हीटरची कांडी, गिझर, प्रेशर कुकर यांसारख्या वस्तूंना तिचे चिन्ह आज सक्तीचे आहे. ही सक्ती कागदावर राहू नये यासाठी जागरूकता किती लागते, हे २०२२ मध्ये दिसून आले. चिन्हाविना प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही बलाढ्य विक्रीमंचांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला. तसेच अनुक्रमे २,२६५ आणि ५९८ कुकरांच्या ग्राहकांना कळवून माल परत घेण्याचे आदेश काढले. म्हणून चिन्ह पाहावेच. त्याखालचा परवाना क्रमांकही पाहावा. ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर तो खरा की खोटा हे मिनिटभरात कळते. परंतु हे चिन्ह म्हणजे उत्तीर्ण झाल्याचा दाखला आहे, गुणपत्रिका नव्हे. पस्तीस गुण मिळवणारा आणि नव्वद गुण मिळवणारा यांना ते एकच दाखला देते.

दुसरी खूण ताऱ्यांची. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये ही योजना सुरू केली. बर्फ न साचणारे फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रे यांना ती २०१० पासून, तर छताच्या पंख्यांना २०२३ पासून सक्तीची झाली. ही योजना खरोखर चांगली आहे, कारण पूर्वी अदृश्य असलेला एक गुण तिने दाराच्या दर्शनी भागावर आणून चिकटवला. मात्र ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. जुन्या निकषाचे पाच तारे नव्या निकषाने चार किंवा तीनच ठरू शकतात. म्हणून तारे मोजण्यापूर्वी पट्टीवरचे वर्ष आणि फ्रीज असल्यास वर्षाला लागणारे युनिट वाचावेत. आणखी महत्त्वाचे म्हणजे, वीज किती लागेल हे तारे सांगतात. यंत्र किती वर्षे टिकेल हे सांगत नाहीत. पाच ताऱ्यांचा फ्रीज चौथ्या वर्षी भंगारात गेला, तर वाचलेली वीज कोणत्या खात्यात जमा धरायची?

तिसरी खूण वॉरंटीची. स्पेन्स यांच्या विचारानुसार दीर्घ हमी ही उत्पादकाच्या आत्मविश्वासाची खूण मानायला हवी, कारण कच्चा माल विकणाऱ्याला ती परवडणार नाही. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण 'दहा वर्षे' हा ठळक आकडा बहुधा एकट्या कॉम्प्रेसरचा किंवा मोटरीचा असतो. बाकीच्या यंत्राची हमी वर्ष-दोन वर्षांची असते. गॅस पुन्हा भरणे, कारागिराची फेरी, मजुरी आणि प्लॅस्टिकचे भाग हे बारीक अक्षरांत वगळलेले असते. आजकालच्या यंत्रांत नियंत्रणासाठी जे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, ते कमीजास्त होणाऱ्या विजेच्या दाबाला कॉम्प्रेसरपेक्षा नाजूक. त्याची हमी किती हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. शिवाय हमी ही देणाऱ्याच्या आयुष्याएवढीच लांब असते. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगाव येथे कारखाना असलेल्या, एके काळी घराघरांत पोहोचलेल्या व्हिडिओकॉन कंपनीवर जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. अशा वेळी ग्राहकाच्या हातातील हमीपत्र ऋणकोच्या दारात उभ्या असलेल्या लांबलचक रांगेतले शेवटचे नाव ठरते.

जादा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वाढीव वॉरंटीबद्दलही येथे लिहिणे अगत्याचे आहे. यंत्रांतील बिघाड प्रारंभी अधिक असतात, मधल्या वर्षांत कमी होतात आणि अखेरीस झीज झाल्यावर पुन्हा वाढतात. प्रारंभीचे बिघाड मूळ हमीतच निघतात. वाढीव हमी नेमकी त्या मधल्या निरोगी वर्षांची असते. मिक्सर किंवा पंखा यांसारख्या वस्तूंवर ती घेण्यापेक्षा तेवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे होय.

लोहाऱ्याचा उन्हाळा

आता हाच प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहू. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरील लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे, पाळीवर जाणारे कामगार आहेत आणि शहरात नोकरीला जाणाऱ्या शिक्षक-लिपिकांची वस्तीही आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा येथल्या घरांचा खरा आधार कूलर हा असतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे उपकरण गौण वाटेल. परंतु विदर्भातील कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवा वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत नगण्य विजेत मिळतो, हे शास्त्र आपल्या घरांनी कोणत्याही पुस्तकावाचून आत्मसात केले आहे.

या कूलरच्या निमित्ताने विश्वासार्हता म्हणजे काय, याचा उलगडा होतो. तिचे दोन भाग आहेत. पहिला, यंत्र सहसा न बिघडणे; दुसरा, बिघडल्यास ते लवकर दुरुस्त होणे. जाहिरातीत पहिल्याचाच डांगोरा असतो, दुसऱ्याबद्दल मौन. एखादे नामांकित यंत्र तीन वर्षांतून एकदाच बिघडते, पण त्याचा सुटा भाग दीडशे किलोमीटरवरील नागपूरहून यायला भर मे महिन्यात तीन आठवडे लागतात. स्थानिक कारागिराने पत्रा वाकवून केलेला कूलर दर वर्षी कुरकुरतो, पण त्याचा पंप आणि मोटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा सुरू होतो. घरात तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर या दोहोंत अधिक विश्वासार्ह कोण? तात्पर्य, विश्वासार्हता हा एकट्या यंत्राचा गुण नाही. यंत्र, सुटे भाग, कारागीर आणि अंतर या चौघांचा तो मिळून झालेला गुण आहे. मुंबईतील उत्तम यंत्र लोहाऱ्यात उत्तम असेलच असे नाही.

स्थानिक कूलरची ही बाजू मांडताना त्याची दुसरी बाजू लपवणे मात्र अपराध ठरेल. लोखंडी पत्रा, ओला मजला, उघडी जोडणी आणि आर्थिंगचा अभाव या चौकडीने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसे दगावतात. पाणी भरताना वीज बंद करावी, तीन पिनांचाच प्लग वापरावा, आर्थिंग तपासून घ्यावे, अशी आवाहने महावितरण दर वर्षी करते. त्यांत एकाची भर घालावीशी वाटते: गळतीचा प्रवाह तीस मिलिअँपियरवर गेला की क्षणार्धात वीज तोडणारे संरक्षक उपकरण घराच्या मुख्य फळ्यावर बसवावे. ते बसवण्याचा खर्च बहुतेक घरांत नव्या कूलरहून कमी येतो. टिकाऊपणाची तडजोड पैशाने भरून निघते. या बाबतीतली तडजोड कशानेही भरून निघत नाही.

पाण्याचेही तसेच. निळोणा आणि चापडोह ही धरणे आटल्याने २०१८ मध्ये यवतमाळकरांनी पाण्यासाठी जे हाल सोसले ते विस्मरणात गेलेले नाहीत. अशा वेळी विंधन विहिरीचे जड पाणी घरात येते. त्यातील क्षार गिझरच्या तापणाऱ्या नळीवर थर धरतात, कूलरच्या ताट्या दगडासारख्या होतात, वॉशिंग मशीनची झडप चिकटते. वस्तू तीच, कंपनी तीच. पण गोड्या पाण्यावर दहा वर्षे चालणारे यंत्र येथे तितके चालत नाही. मग दोष यंत्राचा की पाण्याचा, हा वाद दुकानात रंगतो आणि ग्राहक हरतो.

वस्तू कोणत्या घरासाठी घडवली आहे, हे पाहण्याची आवश्यकता मराठी मुलखातल्याच एका कहाणीने पूर्वी सिद्ध केली आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि त्याची दुरुस्ती येथे होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्स कंपनीत अभियंता होते. युरोपात फळांचा रस आणि केकचे पीठ यांसाठी केलेल्या यंत्रावर आपण हळकुंडे, सुके खोबरे आणि भिजवलेली डाळ लादतो, तेव्हा मोटर जळणारच, हे ओळखून भारतीय स्वयंपाकाला पेलेल अशी दमदार मोटर त्यांनी सिद्ध केली. 'सुमीत' मिक्सरचा जन्म असा झाला. जर्मन यंत्र वाईट नव्हते. ते दुसऱ्या स्वयंपाकघराचे होते.

किंमत म्हणजे नेमके काय?

दुकानातील चिठ्ठीवरचा आकडा ही वस्तूची किंमत नव्हे, ती केवळ प्रवेश फी आहे. खरी किंमत म्हणजे खरेदी, वीज आणि दुरुस्ती यांची बेरीज, भागिले वापराची वर्षे. समजा, एक मिक्सर २,४०० रुपयांचा आहे आणि तो तीन वर्षे चालतो. दुसरा ४,५०० रुपयांचा आहे, त्याच्या दुरुस्तीला एकूण ९०० रुपये लागतात आणि तो नऊ वर्षे चालतो. पहिल्याचा वार्षिक खर्च ८०० रुपये आणि दुसऱ्याचा ६०० रुपये. पंख्याचा हिशेब याहून बोलका आहे. जुन्या धर्तीचा पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज बारा तास, वर्षातून तीनशे दिवस चालला तर २७० युनिट लागतात. नव्या पद्धतीच्या तीस वॅटच्या पंख्याला १०८. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला सुमारे १,३०० रुपये वाचतात आणि पंधराशे रुपये जादा मोजले असतील तर ते चौदा महिन्यांत परत येतात. अर्थात त्या पंख्यातील सर्किट बिघडल्यास ते बदलून देणारा आपल्या गावात आहे का, हा प्रश्न आधी विचारलेला असावा. अन्यथा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत व्हायची.

हप्त्यांचे गणितही असेच उघडून पाहावे. 'बिनव्याजी' हप्त्यांत व्याज नसते ही समजूत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच खोडून काढली. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही, व्याज दुसऱ्या नावाने घेतले जाते, असे बँकांना बजावले. २४,००० रुपयांचा फ्रीज दोन हजारांच्या बारा हप्त्यांत मिळतो आणि रोखीने २२,५०० रुपयांत मिळत असेल, तर त्या हप्त्यांत महिन्याला एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के दराचे व्याज दडलेले आहे. ते देण्यात पाप नाही. ते न कळता देण्यात नुकसान आहे.

परंतु येथेच या साऱ्या उपदेशाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. ज्याच्या खिशात अडीच हजारच आहेत, त्याला साडेचार हजारांचा मिक्सर दीर्घ मुदतीत स्वस्त पडतो हे सांगणे म्हणजे क्रूर थट्टा होय. औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार स्वस्त वस्तू तीनदा घेतो आणि अंती महाग वस्तूहून अधिक पैसे भरतो. त्याला हिशेब येत नाही असे नाही; त्याच्यापाशी वाट पाहण्याइतके भांडवल नसते. गरिबाला वस्तू महाग पडते ती या कारणाने. म्हणून टिकाऊपणाचा प्रश्न ग्राहकाच्या वैयक्तिक हुशारीवर सोडून देणे अन्यायाचे आहे.

माहितीची सहकारी पेढी

मग ही माहिती आणायची कोठून? अमेरिकेत १९३६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९५७ मध्ये ग्राहकांनी स्वतःच्या संस्था काढून वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या सुरू केल्या. आपल्याकडेही ही परंपरा नाही असे नाही. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. दिल्लीत १९८३ मध्ये विद्यापीठातील अध्यापकांच्या पुढाकाराने 'व्हॉइस' ही संस्था निघाली. यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु प्रयोगशाळेतील चाचणी नवे यंत्र तपासते. लोहाऱ्याच्या पाण्यावर, विजेवर आणि उन्हाळ्यावर सात वर्षे चाललेले यंत्र ती तपासू शकत नाही. इंटरनेटवरील अभिप्राय तर बहुधा वस्तू घरी आल्याच्या आठवड्यातच लिहिलेले असतात. लग्नाच्या पंगतीत बसून संसाराबद्दल मत द्यावे, तसा तो प्रकार.

ही माहिती आपल्याच घरांत विखुरलेली आहे. ती गोळा करणारा कोणी नाही. यासाठी एक सूचना कराविशी वाटते. शिक्षक आणि कर्मचारी यांच्या पगारदार सहकारी पतसंस्था गावोगाव आहेत आणि सभासद अशा वस्तूंसाठीच त्यांच्याकडून कर्ज घेत असतात. या संस्थांनी प्रत्येक सभासदाच्या उपकरणांची साधी नोंदवही ठेवावी: वस्तू व कंपनी, खरेदीची तारीख, पहिल्या बिघाडाची तारीख, कोणता भाग गेला, दुरुस्तीला किती दिवस व किती रुपये लागले. दोनशे सभासदांची प्रत्येकी सहा उपकरणे धरली तरी बाराशे नोंदी होतात. गावातील पाच-सहा कारागिरांना दर सहा महिन्यांनी भेटून कोणते भाग वारंवार येतात आणि कोणते मिळतच नाहीत हे विचारावे; कारण विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला वस्तूचे अंतरंग अधिक कळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आलेलाच आहे. अर्थशास्त्राच्या आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातील मजकूर उतरवून प्रकल्प सादर करण्यापेक्षा या नोंदींचे कोष्टक करावे. त्यातून त्यांना सरासरी आणि विचलन या संज्ञांचा अर्थ कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगला कळेल.

यावर आक्षेप येतील. कंपन्या दर वर्षी नमुने बदलतात. सात वर्षांपूर्वीच्या फ्रीजची माहिती आज काय कामाची, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अर्धा खरा आहे. नमुना बदलतो, परंतु कोणत्या कंपनीचा माणूस दोन दिवसांत येतो आणि कोणाचा दोन आठवड्यांत, कोणाचे सुटे भाग पाच वर्षांनंतर मिळतात आणि कोणाचे मिळत नाहीत, या सवयी नमुन्याइतक्या लवकर बदलत नाहीत. दुसरा आक्षेप नोंदी थोड्या असण्याचा. थोड्या नोंदींवरून कोणाला नापास करू नये, हे मान्य. पण आजचा निर्णय तर शेजाऱ्याच्या एकाच अनुभवावर होतो. एकापेक्षा चाळीस केव्हाही बरे.

कायद्याचे काम

समाजाने एवढे केल्यावरही शासनाचे काम उरतेच. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचा गुणांक छापावा लागतो. युरोपीय संघात त्याच वर्षापासून फ्रीजचे महत्त्वाचे सुटे भाग किमान सात वर्षे आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. आपल्या केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-गुणांकासाठी नेमलेल्या समितीचा अहवालही २०२५ मध्ये सादर झाला. दिशा योग्य आहे, पण संकेतस्थळ म्हणजे सक्ती नव्हे. विजेचे तारे जसे दारावर आले, तसा सुट्या भागांच्या वर्षांचा आकडाही दारावर यायला हवा. कंपनीने सात लिहावेत की तीन, हे तिने ठरवावे. मात्र लिहिलेले पाळले पाहिजे. एवढे एक वाक्य छापण्याची सक्ती झाली, तरी टिकाऊपणाची स्पर्धा आपोआप सुरू होईल, कारण आजवर अदृश्य असलेली गोष्ट ग्राहकाला प्रथमच दिसू लागेल.

तोपर्यंत हाती असलेली साधने तरी गंजू देऊ नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, यवतमाळचा जिल्हा आयोग त्याला मोकळा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. यासाठी लागते ती एकच गोष्ट: पक्के बिल. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी बिलाविना वस्तू घेणारा ग्राहक आपला हक्क त्याच रकमेत विकून टाकतो.

बाजार हा स्वभावाने दुष्टही नसतो आणि सज्जनही नसतो. आपण जे पाहून पैसे देतो तेच तो पिकवतो. आपण चकाकी पाहून पैसे दिले, त्याने चकाकी पिकवली. हमीपत्राच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवणारा, सुट्या भागांची चौकशी करणारा, कारागिराला विचारून मग दुकानात शिरणारा आणि आपल्या वस्तूच्या बिघाडाची तारीख दुसऱ्यासाठी लिहून ठेवणारा ग्राहक जेव्हा गावोगाव दिसू लागेल, तेव्हा टिकाऊपणा पिकवणे बाजाराला भाग पडेल. ती नोंदवही उघडायला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शंभर पानांची एक वही आणि पतसंस्थेच्या पुढल्या सभेत मांडायचा एक ठराव, एवढ्यावर ते काम सुरू होऊ शकते.